घंगाळातला कळप

मासे मोजणारी पोरगी म्हटलं की न्हावऱ्याच्या एसटी स्टँडवर अजून दोन-चार जण हसतात. हसोत बापडे. मासे धरतात, विकतात, तळून खातात, एवढं त्यांना कळतं. धरायचे, फळीवर ठेवून लांबी घ्यायची, वहीत लिहायचं आणि परत पाण्यात सोडायचे, हे कुठल्या शहाण्याचं काम? रखमाजी कोळप्याची सुषमा मात्र तीन वर्षं हेच करत होती. दर तीन महिन्यांनी, त्याच सात जागा, तेच जाळं, मोजून तेवढाच वेळ. दौंडच्या एका कॉलेजात ती तासावर शिकवायची आणि उरलेल्या दिवसांत खैरओढ्यात गुडघाभर पाण्यात उभी असायची. ओढ्यात कुठं कुठले मासे राहतात, कोण कुणाच्या सोबतीनं राहतं, कोण कुठून उठून गेलं, हा तिचा पीएचडीचा विषय.

खैरओढा न्हावऱ्याच्या वरच्या माळावर निघतो आणि वडगाव रासाईच्या खालच्या अंगाला भीमेला मिळतो. त्याच्या चौथ्या आणि पाचव्या जागेच्या मध्ये चार वर्षांपूर्वी गूळ पावडरचा कारखाना उभा राहिला आणि तिथलं धुण्याचं पाणी बिनदिक्कत ओढ्यात यायला लागलं. पाचव्या जागेला गावात घंगाळ म्हणतात. खडकात पाण्यानं कोरलेला गोल डोह, आंघोळीच्या घंगाळासारखाच, फक्त त्यात दहा-बारा माणसं बसतील एवढा. पहिल्या वर्षी सुषमाला तिथं तेवीस मल्ल्या मिळाले होते. मल्ल्या म्हणजे बोटभर लांबीचा मासा, तोंडानं दगडाला चिकटून राहणारा. पाणी नासलं की सगळ्यांच्या आधी तो जातो. दुसऱ्या वर्षी मिळाले सहा. मग एकही नाही.

ही आकड्यांची यादी ग्रामसभेत वाचली गेली, तिथून शिरूरच्या तालुका कचेरीत गेली, आणि गेल्या डिसेंबरात तिथल्या साहेबांनी हुकूम काढला. कारखान्यानं ओढ्यात थेंब सोडायचा नाही. वर्षानं पुन्हा बघायचं. मल्ल्या आपणहून परत आला असेल तर कारखान्यावरची देखरेख उठवायची आणि फाईल बंद करायची. आला नसेल तर घंगाळात बसलेला सगळा काळा गाळ कारखान्यानं स्वतःच्या खर्चानं काढायचा. तीन वर्षांची मोजणी फक्त सुषमाकडं, म्हणून तिची वही दोन्ही बाजूंनी मानायची, असंही ठरलं. म्हणजे घंगाळाचं पुढं काय व्हायचं ते आता एका वहीवर येऊन थांबलं होतं.

सुनावणी गुरुवारी होती. शेवटची फेरी सोमवारी सकाळी दहाला.

जाळं टाकायला नेहमीप्रमाणे वडगाव रासाईचे दगडोबामामा आले होते. जातीचे भोई, वय सत्तरीला टेकलेलं, पण फेकजाळं असं गोल उघडायचे की बघत राहावं. काठावर कारखान्याचा अधिकारी महेंद्र इस्त्रीच्या शर्टात, बूट सांभाळत उभा होता. हजर राहायचा त्याला हक्क होता.

पहिली फेक रिकामी गेली. दुसरी वर आली आणि सुषमाच्या घशातून एकदम किंकाळीच निघाली.

"मामा! मल्ल्या! मल्ल्या आलेत!"

जाळ्यात चार-पाच करडे, चपळ जीव तडफडत होते. तिनं ते बादलीत घेतले. ठरल्या वेळात ठरल्या फेकी झाल्या आणि आकडा एकोणीसवर गेला. एकोणीस! गेल्या डिसेंबरात शून्य होता. सुषमाचे डोळे भरून आले. एवढी शिकलेली बाई, पण त्या क्षणी तिला घंगाळाला लोटांगण घालावंसं वाटलं. तीन वर्षं जिनं फक्त नाहीसं होणं लिहिलं, तिच्या वहीत पहिल्यांदा कुणीतरी परत येत होतं.

लांबी घेताना तिला दिसलं की प्रत्येकाच्या शेपटीला, वरच्या बाजूला, एक बारीकशी खाच आहे. जाळ्यात फाटली असेल, असं तिला वाटलं. तरी सवयीनं तिनं शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: सर्वांच्या शेपटीस वरच्या कडेस खाच. दगडोबामामा तेवढ्या वेळात पाठ करून जाळं धूत होते. धुतलेलं जाळं परत धूत होते, हे तिच्या ध्यानात आलं नाही.

"हातात धरा ना मॅडम एक, फोटो काढतो," महेंद्र म्हणाला. तिनं धरला. हसून धरला. "बघा, आम्ही म्हणत होतो ना, ओढा साफ झाला? गुरुवारी आता दोन मिनिटांचं काम."

हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी. पण हुरळलेल्या मेंढीला ते तेव्हा कोण सांगणार?

दिवस मावळायला ती वस्तीवर पोचली. रखमाजी मेंढरांना पाणी दाखवत होता. कोळप्यांचं आता बैठं बिऱ्हाड होतं. दोन एकर कांदा, एक म्हैस, आणि जुन्या तीनशेच्या कळपातली नावाला आठ मेंढरं, कारण त्यांच्याशिवाय रखमाजीला जेवण जात नसे.

"घावलं का गं?" त्यानं विचारलं.

"काय आबा?"

"मासं! मल्ल्या!" म्हातारा मिशीतल्या मिशीत हसत होता. "किती घावलं?"

सुषमा सांगायला तोंड उघडणार तेवढ्यात एक मेंढी तिच्या मांडीला कान घासायला आली. उजवा कान. वरच्या कडेला त्रिकोणी खाच. कोळप्यांच्या घराची खूण. हजार मेंढरांत मिसळलं तरी आपलं जनावर ओळखू यावं म्हणून पणज्याच्या काळापासून चालत आलेली, तिनं लहानपणापासून रोज पाहिलेली. सुषमानं पिशवीतून मोबाईल काढला, महेंद्रनं पाठवलेला सकाळचा फोटो मोठा केला, शेपटीची खाच बघितली. मग मेंढीच्या कानाची खाच बघितली. मग बापाकडं बघितलं.

"आबा," ती म्हणाली, "काय करून बसलात तुम्ही?"

"करून काय बसलोय? गोताचं काम केलं." रखमाजीच्या आवाजात अभिमान मावत नव्हता. "बहात्तरच्या दुष्काळात माझ्या बापाचा कळप बुडाला. तीनशेतली सात उरली. तवा गोतातल्या घराघरानं एक-एक मेंढी घातली. कुणी मोप दिली न्हाई, कुणी न्हाई म्हनलं न्हाई. त्यातनं परत कळप झाला आन् त्यात मी वाढलो. तुझा कळप बुडाला व्हता पोरी. दोन वरीस बघतोय मी, घंगाळावनं आलीस की जेवत न्हाईस. मग म्या वडगावला दगडूकडं गेलो. भोयांच्या दहा घरांनी नदीतनं, ओहोळातनं चार-चार मासं धरून दिलं, दगडूनं पाच. कुणी रुपया घेतला न्हाई. दुधाच्या कॅनमधी घालून, हलवत हलवत आणलं. काल सांजच्याला सोडलं. दोन इसा आन् एक."

इसा म्हणजे वीस. मेंढरं मोजायची जुनी रीत. एकेचाळीस.

"आणि खाच?"

"खूण नको करायला? तुझ्या आयच्या कात्रीनं केली, बारीक. रगत सुदिक आलं न्हाई. उद्या कुणी म्हनलं, माझं हाय, तर?"

सुषमा खाली बसली. शेणामातीत, तशीच. तिला ओरडायचं होतं, रडायचं होतं आणि त्या भोळ्या म्हाताऱ्याच्या गळ्यातही पडायचं होतं, आणि ह्यातलं काहीच होईना. करायला गेले गणपती आणि झाला मारुती म्हणतात ते असं. दहा घरांच्या मायेनं तिचा सगळा जन्म घंगाळात बुडवला होता.

"आबा, मासे हवेत म्हणून मी मोजत नव्हते हो," ती शेवटी म्हणाली. "आहेत की नाहीत एवढंच बघत होते. नाहीत हेच खरं होतं. आता गुरुवारी कारखान्यावाला फोटो दाखवंल, मासे आले म्हणंल, आन् साहेब फाईल बंद करतील. गाळ तिथंच राहील. तुम्ही माझा कळप न्हाई वाढवला. तुम्ही लांडग्याला मेंढरांच्या वाड्याची चावी दिली."

रखमाजीच्या मिशीतलं हसू गेलं. अनसाबाई, सुषमाची आई, चुलीपुढून उठून दारात आली. तिला सगळं ऐकू गेलं होतं.

"आता कुणाला सांगू नगंस," ती म्हणाली. "तुझ्या बापाला कचेरीत उभं करणार हाईस का? उभ्या जन्मात त्याला कुणी खोटा म्हनलं न्हाई. आन् तुलाबी लोक काय म्हणतील? बाप मासं सोडतो आन् लेक मोजती!"

हेच म्हणणार होते लोक. सुषमाला पक्कं ठाऊक होतं. एकोणीस मासे तिनं स्वतःच्या हातानं वहीत लिहिले होते. खोडले तर लबाडी, ठेवले तर त्याहून मोठी लबाडी. तिनं पुण्याला गाईड मॅडमना फोन लावला. सकाळी ह्याच बाईंना तिनं आनंदानं किंचाळून सांगितलं होतं.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "जे झालं ते सगळं लिही. वडलांचं नावसुद्धा. आणि पाचव्या जागेची ही फेरी प्रबंधातून गेली, सुषमा. पुढच्या डिसेंबरात पुन्हा करावी लागेल."

म्हणजे अख्खं वर्ष गेलं. सुषमानं हुंकार दिला आणि फोन ठेवला. मग उठून तोंड धुतलं आणि वही उघडली. एक अक्षर खोडलं नाही. त्याखाली तारीख घालून नवीन ओळ लिहायला घेतली.

लिहिताना रखमाजी मागं येऊन उभा राहिला.

"एक इचारू? तू कवा जातीस घंगाळावर?"

"दहा वाजता. कायम दहालाच. वेळ बदलून चालत न्हाई."

"दहाला!" म्हातारा आता वैतागलाच. "अगं, मेंढरू पहाटं मरतं. दिसा उन्हाला सगळी जनावरं बरीच दिसत्यात. बसायची जागा चांगली का वाईट ते पहाटं कळतं. तू भर उन्हाची जाऊन इचारतीस, बरं हाय का? कोण न्हाई म्हनंल?"

सुषमाचा पेन थांबला. दिवसा पाण्यातलं शेवाळ ऊन खातं आणि पाण्यात प्राणवायू सोडतं. अंधारात ते काम बंद. आणि तळाचा गाळ मात्र रात्रभर तोच प्राणवायू खात बसतो. हे ती पोरांना वर्गात फळ्यावर काढून शिकवायची! आणि तीन वर्षं, ठरल्या वेळेच्या हट्टापायी, घंगाळाचा प्राणवायू मोजला तो दहा वाजताच. दरवेळी ठीक आला. दरवेळी तिनं 'ठीक' लिहिलं. चूक एकट्या आबांची नव्हती तर.

"पहाटं येताय का माझ्यासंगं?" तिनं विचारलं.

मंगळवारी झुंजूमुंजू व्हायला बाप-लेक घंगाळावर पोचले. थंडी मी म्हणत होती. पाण्यावर मासे दिसत होते, सगळे वर, तोंड पाण्याबाहेर काढून भकाभका हवा ओढत. मल्ल्यासारखा दगडाला चिकटणारा मासा पाण्यावर लटकून हवा मागतो म्हणजे खाली काय असेल? सुषमानं बाटलीत पाणी घेतलं, औषधाचे थेंब टाकले. प्राणवायू जवळजवळ नव्हताच. कडेला तीन मेलेले. रखमाजीनं एक उचलला, शेपटी बोटानं ताणून बघितली.

"आपलंच," तो म्हणाला. "सुषमे, जाळं टाक. बाकीची भाईर काढू. आत्ताच्या आत्ता नदीला नेऊन सोडू."

इथं खरी कसोटी लागली. मासे वाचवले तर गुरुवारी उरतो तो फक्त महेंद्रचा फोटो. राहू दिले तर ते मरतील, आणि तिच्या डोळ्यांदेखत मरतील. जन्मात कधी मासा मेलेला आवडला नाही असल्या बाईवर ही वेळ यावी!

"दहा काढू," ती म्हणाली. "दहाच. ते वर, चौथ्या जागेला, कारखान्याच्या वरच्या पाण्यात, माझ्या सामानातल्या जाळीच्या पिंजऱ्यात ठेवायचे. दहा इथं, तसल्याच पिंजऱ्यात. बाकीचे मोकळे."

"आन् हितली मेली तर?"

"तर मेली असं लिहायचं."

"तू कसाई हाईस का मास्तरीण?" रखमाजी ओरडला. "जितं जनावर डोळ्यांपुढं मरू द्यायचं? माझ्या खुणेचं?"

"तुमच्या खुणेचं हाय म्हणूनच, आबा!" तीही ओरडली. मग तिला रडू आलं आणि रडतच ती बोलत राहिली. "खूण नसती तर कोण म्हणलं असतं ह्ये बाहेरून आणलेले? खूण हाय म्हणून मोजता येतंय. हितले मेल्याबिगर ह्या घंगाळाचं कुणी ऐकणार न्हाई, तर हितले मरू द्या. पुढचे हजार जगतील. मला काय बरं वाटतंय का?"

रखमाजीनं धोतर वर खोचलं आणि त्या बर्फासारख्या पाण्यात उतरून पिंजऱ्याला दगड लावले.

बुधवारी पहाटं घंगाळाच्या पिंजऱ्यात चार जिवंत होते. चौथ्या जागेला दहाच्या दहा दगडाला चिकटून मजेत बसले होते. दोन्ही जागा दहा मिनिटांच्या चालीवर. त्या दिवशी दगडोबामामाही आले, मान खाली घालून. "पोरी, ठावं असूनबी म्या तोंड उघडलं न्हाई," म्हणाले. सुषमानं त्यांच्या हातात टॉर्च दिला आणि कडेकडेनं मेलेले शोधायला लावलं. रागवायला वेळ कुठं होता.

गुरुवारी पहाटं घंगाळात एकही हलत नव्हता.

शिरूरच्या कचेरीत अकराला पुकारा झाला. महेंद्रनं मोबाईल साहेबांपुढं ठेवला. फोटोत सुषमा, हातात मल्ल्या, चेहऱ्यावर हसू. "हे मॅडमच आहेत, साहेब. आणि मॅडमच्याच वहीत एकोणीस लिहिलंय. आम्ही आमच्या मनाचं काही सांगत नाही."

साहेबांनी सुषमाकडं बघितलं.

"फोटो खरा आहे. एकोणीस हेही खरं आहे. पण ते मासे ओढ्यातून आपणहून आलेले नाहीत. माझ्या वडलांनी आदल्या संध्याकाळी सोडले होते. एकेचाळीस. मला सोमवारी संध्याकाळी कळलं, आणि ते त्याच तारखेला वहीत लिहिलं आहे."

कचेरीत खसखस पिकली. महेंद्र तर उघड हसला. "म्हणजे आता मासे आले तर वडलांनी सोडले? उद्या गेले तर आजोबांनी नेले म्हणतील! साहेब, ह्या वहीवर विश्वास ठेवायचा तरी कसा?"

अनसाबाई म्हणाली होती तसंच झालं. सुषमाचे कान तापले. तिनं वहीचं सोमवारचं पान उघडून पुढं केलं. "शेरा वाचा, साहेब. सकाळी दहाला, कळायच्या आधी लिहिलेला. आणि फोटो मोठा करून शेपटी बघा."

साहेबांनी वाचलं: सर्वांच्या शेपटीस वरच्या कडेस खाच. मग फोटो मोठा केला. मग मान वर केली. तोवर मागच्या बाकावरून रखमाजी उठला होता. धोतर, डोक्याला लाल फेटा, हातात स्टीलचा जेवणाचा डबा. कुणी बोलवायच्या आत तो टेबलापर्यंत गेला आणि डबा उघडला. बर्फाचा चुरा, त्यावर ओळीनं मासे.

"साहेब, म्या रखमाजी कोळपे. मासं म्या सोडलं. लेकीला इचारलं न्हाई, ही माझी चूक. ही खूण माझ्या घरची. भाईर टेम्पोत माझी मेंढी हाय, तिचा कान बघून घ्या." मग तो एकेक मासा उचलून शेपटी दाखवत टेबलावरच्या कागदावर मांडायला लागला. "एक. दोन. तीन..." कुणी अडवलं नाही. हसणाऱ्यांचं हसू दहाच्या आत थांबलं. "...सव्वीस. सत्तावीस. दोन इसा आन् एक सोडली व्हती. सत्तावीस मेली. तीन दिसांत. चांगली धट्टीकट्टी जनावरं व्हती साहेब, दहा घरांनी दिल्याली."

"आणि बाकीचे?"

"दहा जिवंत आहेत," सुषमा म्हणाली. "तेच मासे, तीच खूण, कारखान्याच्या वरच्या पाण्यात. फरक फक्त जागेचा. पहाटेच्या पाण्याचे आकडे सोबत जोडलेत. चार मिळाले नाहीत."

"म्हणजे तेही मेले."

"ते माहीत नाही, साहेब. बगळ्यानं खाल्ले असतील. मला दिसले नाहीत, म्हणून मेले असं लिहिलेलं नाही."

साहेबांनी ती चार माशांची ओळ दोनदा वाचली. महेंद्र काहीतरी बोलायला पुढं झाला. साहेबांनी त्याला हातानंच थांबवलं आणि दोन माणसं घंगाळावर नि चौथ्या जागेवर पाठवली. दुपारी त्यांचा फोन आला आणि संध्याकाळच्या आत हुकूम झाला. गाळ काढायचा, तळ दिसेपर्यंत, पुढच्या पावसाळ्याच्या आत. देखरेख आणखी एक वर्ष.

परतीच्या टेम्पोत मेंढीशेजारी बसून रखमाजी एवढंच म्हणाला, "आता म्या काय सोडणार न्हाई. तू सांगितल्याबिगर पाण्यात खडासुदिक टाकणार न्हाई." चौथ्या जागेचे दहा मासे त्यांनी दुसऱ्या दिवशी वडगाव रासाईला नेऊन, जिथून आणले होते त्या भीमेत सोडले. रखमाजीनं प्रत्येकाला हातातून सोडताना शिवी दिली, मायेची.

मार्चमध्ये कारखान्याचे पंप घंगाळावर लागले. बावीस टँकर गाळ निघाला आणि खाली जुना पिवळा खडक दिसला. बापानं शब्द पाळला, पण तो पाळताना त्याचा जीव काय झाला ते सुषमालाच माहीत. दर पंधरा दिवसांनी जाऊन रिकाम्या घंगाळाकडं बघत बसायचा. "चारच आणू का गं? कुणाला कळतंय?" असं एकदा ऑगस्टात म्हणालाही. तिनं नुसतं बघितलं. "न्हाई न्हाई, आपलं इचारलं," म्हणून म्हातारा उठला.

डिसेंबर आला. ह्या वेळी दोनदा मोजायचं होतं, जुन्या नेमानं दहाला आणि नव्या नेमानं पहाटं. पहाटेच्या पाण्यात प्राणवायू होता. दोन्ही वेळा दगडोबामामांनी जाळं टाकलं. पहाटं काही नाही. दहाला पहिली फेक रिकामी, दुसरी रिकामी, तिसरी रिकामी. शेवटच्या फेकीत शेवाळाचा एक गुंता आला. मामा तो झटकून टाकणार, तेवढ्यात सुषमानं त्यांचा हात धरला.

गुंत्यात बोटाच्या पेराएवढा एक जीव होता. तिनं तो ओल्या तळहातावर घेतला. मल्ल्या. ह्याच सालचं पिलू. तिनं हात बापापुढं धरला. रखमाजीनं चष्मा पुसला, वाकला आणि आधी शेपटी बघितली.

"खाच न्हाई," तो म्हणाला. "आपलं न्हाई ह्ये."

"न्हाई, आबा."

"आरं, हे तर कोकरू हाय! कुणी आणलं?"

"कुणी न्हाई. आपलं आपण आलंय."

रखमाजी त्या पेराएवढ्या जिवाकडं बघत राहिला. मग त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि त्यानं ते पुसलंही नाही. सुषमानं लांबी घेतली आणि पिलू त्याच्या हातावर दिलं. त्यानं उकिडवं बसून ते खडकाजवळ सोडलं. पिलू क्षणभर तिथंच राहिलं आणि मग खालच्या दगडाला जाऊन चिकटलं.

सुषमानं वही उघडून लिहिलं: मल्ल्या, १.

"एकच?" दगडोबामामा मागून डोकावले. त्यांनाही आनंद आवरत नव्हता. "एक आला म्हंजी मागं धा असत्यालच की पोरी. पाच-सा तरी लिव्ह. एवढा दिस मेहनत केलीस!"

रखमाजी गर्रकन वळला. "ए दगडू," तो म्हणाला, "एक घावला तर एकच लिव्हायचा."

मामा जाळं धुवायला गेले. सुषमानं शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: शेपटी अखंड. मग तिघं सहाव्या जागेकडं निघाले.